न येता ‘कोकणात आहोत’ असं दाखवायचंय? आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत सात मिनिटांवर आमचं घर आहे. चार खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण घरचंच असतं. 2012 पासून हे करतोय. खोली मिळेल का, मासे मिळतील का, गाडी दारापर्यंत येते का, हे प्रश्न नेहमीचे आणि त्यांची उत्तरं फोनवर मिळतातच. पण गेल्या काही वर्षांत वेगळे फोन यायला लागलेत. “ताई, यायचं नाहीये, फक्त...” अशी त्यांची सुरुवात असते. कुणाला नुसते फोटो हवे असतात, कुणाला दोन तासांसाठी पडवी हवी असते, कुणाला बिल. स्वयंपाकाच्या घाईत मी अर्धवट उत्तर देते, कधी तोडून बोलते आणि मग दिवसभर मनाला लागून राहतं. फोन करणारं माणूस बहुतेक वेळा अडचणीतलं असतं, हे एव्हाना मला कळलंय. म्हणून इथे सावकाश लिहिते.

तुमच्या घराचे आणि किनाऱ्याचे थोडे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवाल का? आम्हाला यायला जमणार नाही, पण स्टेटसला ठेवायचे आहेत.

नाही पाठवत. खोली कशी आहे ते बघायला मागितलेत तर लगेच पाठवते. इथे आहोत असं दाखवायला मागितलेत, तर नाही. कारण सांगते.

2018 च्या दिवाळीत एक कुटुंब चार दिवस राहून गेलं होतं. लाघवी माणसं. मुलांनी तर चार दिवस झोपाळा सोडला नाही. पुढे 2022 च्या डिसेंबरात रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. पलीकडे एक बाई, आवाज घाबरलेला. “माझी बहीण तुमच्याकडे उतरलीय ना? तिला जरा उठवता का? बाबांना ॲडमिट केलंय आणि तिचा फोन लागत नाहीये.” त्या रात्री चारही खोल्यांत पुण्याचा एकच ग्रुप होता. मी तसं सांगितलं. “अहो, असं कसं? आज दुपारीच तिने तुमच्या झोपाळ्यावरचा फोटो टाकलाय. तुमचं नाव लिहिलंय खाली.” तिने तो फोटो मला पाठवला.

झोपाळा आमचाच होता. झोपाळ्याच्या मागे पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एकीला एक खेटून उभ्या, मधून उन्हाचे कवडसे. बघताना माझ्याच पोटात कालवलं, कारण त्या पोफळी आता नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात ज्यांची आगरं (माडा-पोफळीच्या बागा) होती त्यांना ती दुपार जन्मात विसरता यायची नाही. आमच्या आगरात 140 पोफळी होत्या. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो तेव्हा 17 उभ्या होत्या. माड कडेचे तेवढे वाचले. त्या जागी आता नवी रोपं आहेत. पोफळ लावल्यावर पहिलं फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. झोपाळ्यावरून आज मागे बघितलंत, तर थेट कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत मोकळं दिसतं.

म्हणजे फोटो जुना, 2018 च्या त्या दिवाळीतला. त्या बाईला मला सांगावं लागलं की तुमची बहीण इथे नाही. ती काही क्षण बोललीच नाही. नंतर कळलं ते असं. बहीण त्याच शहरात, हॉस्पिटलपासून रिक्षाने वीस मिनिटांवर, आपल्या घरी होती. कोकणात रेंज नसते हे खरं वाटावं म्हणून तिने फोन बंद ठेवला होता. वडील पुढे बरे झाले. महिन्याभराने तिने स्वतःहून मला फोन केला आणि रडली. त्या वर्षी तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. नाताळच्या सुट्टीत नणंदा, जावा सगळ्या कुठे ना कुठे निघाल्या होत्या आणि “तुम्ही कुठे?” या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिचा मला राग नाही, तेव्हाही आला नव्हता. पण त्या दिवसापासून असे फोटो पाठवणं मी बंद केलं.

हे खूळ आत्ताच सुरू झालंय का?

खूळ म्हणणार नाही आणि आत्ताचंही नाही. माझ्या सासूबाई गिरगावात चाळीत वाढल्या. मे महिना लागला की अर्धी चाळ गावाला जायची. ज्यांचं गावाकडे कुणी उरलं नव्हतं किंवा तिकिटापुरतेही पैसे नव्हते, अशी एखादी खोली खिडक्या लावून घ्यायची आणि शेजारी परतले की “आम्हीही जाऊन आलो” म्हणायची, असं त्या सांगत. मात्र तेव्हा ते शब्दांवर निभायचं. आज पुरावा लागतो आणि तो रोज द्यावा लागतो.

जगात या विषयावर काही जणांनी मुद्दाम प्रयोगही केलेत. नेदरलँड्समधल्या झिला फान डेन बोर्न या विद्यार्थिनीने 2014 मध्ये घरच्यांना सांगितलं की मी आग्नेय आशियात फिरायला चाललेय. प्रत्यक्षात ती 42 दिवस आपल्या ॲमस्टरडॅमच्या घरीच होती. समुद्रात पोहतानाचा फोटो इमारतीच्या तलावात काढलेला, देवळातला फोटो ॲमस्टरडॅममधल्याच बौद्ध मंदिरातला आणि उरलेलं काम फोटोशॉपने केलेलं. घरच्यांशी व्हिडिओवर बोलायला तिने खोलीही वेगळी सजवली होती. तो तिच्या शिक्षणाचा प्रकल्प होता. सोशल मीडियावर आपण जे बघतो ते किती सहज घडवता येतं, हे तिला दाखवायचं होतं आणि शेवटी तिने सगळं उघड केलं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या नतालिया टेलर हिने आयकियाच्या दुकानात मांडलेल्या न्हाणीघरांत आणि खोल्यांत फोटो काढून ‘बालीला आलेय’ म्हणून टाकले. काही फोटोंत दुकानाच्या किमतीच्या चिठ्ठ्या मुद्दाम दिसतील अशा ठेवल्या होत्या, तरी पुष्कळांना ते खरं वाटलं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये खासगी विमानाच्या आतल्या भागासारखा उभारलेला एक स्टुडिओ तासाच्या भाड्याने मिळतो, हेही बाहेर आलं.

त्या डच मुलीच्या बाबतीत मला राहून राहून एकच गोष्ट आठवते. 42 दिवस. तेवढे दिवस घरातून निघायचं ते जपून, परत यायचं ते जपून, मेसेज पाठवायचा तो घड्याळ बघून. तिच्यापाशी निदान प्रकल्पाचं कारण होतं, संपण्याची तारीख होती. मला फोन करणाऱ्यांकडे दोन्ही नसतं.

पण कळणार कुणाला? समुद्र सगळीकडे सारखाच.

सारखा नाही हो. इथे राहणाऱ्या माणसाला फोटो बघताक्षणी कळतं, आणि तुमच्या ओळखीत कोकणातलं एक तरी माणूस असतंच.

आमचा किनारा पश्चिमेचा. सूर्य समुद्रात बुडतो आणि उगवतो तो सह्याद्रीच्या बाजूने, माडांच्या मागून. पाण्यातून वर येणारा सूर्य टाकून ‘दापोलीची सकाळ’ लिहिलेले फोटो मी पाहिलेत. ते पूर्व किनाऱ्यावरचे असतात. मावळतीतही फरक असतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकून बुडतो, मे-जूनमध्ये उत्तरेला. आमच्या किनाऱ्यावर बसणारा माणूस महिना सांगेल.

मग भरती-ओहोटी. जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. एकाने संकष्टीच्या दिवशी दुपारी तीनला, ‘आत्ता, या क्षणी’ असं लिहून लांबच लांब ओली पुळण (किनाऱ्याची वाळू) आणि उघडे पडलेले खडक टाकले होते. त्या वेळी तिथे पाणी पार वरपर्यंत असतं. आमच्या वाडीतल्या एका दर्यावर्दी माणसाने फोन हातात घेतला, बघितला आणि काही न बोलता परत दिला.

सीगल म्हणजे हिवाळी पाहुणे. आंजर्ले, हर्णैच्या किनाऱ्यावर ते थंडीत थव्याने असतात, उन्हाळा चढला की निघून जातात. मेच्या फोटोत त्यांचा थवा दिसला की ओळखायचं. आंब्याला मोहर असेल तर फोटो पावसाळ्याच्या तोंडावरचा नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, त्या नारळी पौर्णिमेच्या आगेमागे पुन्हा पाण्यात उतरतात. जुलैच्या फोटोत हर्णै बंदर गजबजलेलं आणि लिलाव चाललेला दिसला, तर तो जुलै नव्हे.

हे तुम्हाला फोटो अचूक निवडता यावा म्हणून सांगत नाहीये. एवढं सगळं जागेवर घडत असतं, तिथीगणिक बदलत असतं, आणि फोटो मागणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

फोनमधल्या फोटोवरून ठिकाण आणि तारीख कळते का?

कळू शकते. फोनने काढलेल्या फोटोत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ती नोंद निघून जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सोबत जाते. इन्स्टाग्रामवर दिसणारं ठिकाणाचं नाव तर तुम्ही स्वतः निवडलेलं असतं, त्यामुळे त्याने सिद्ध काहीच होत नाही. मुली-बायकांनी घरचा पत्ता बाहेर जाऊ नये म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन एरवीही बंद ठेवावं.

फक्त दोन तास फोटो काढायला आलो तर चालेल का?

या. आधी फोन करा. पाहुणे जेवत किंवा झोपलेले असतील तेव्हा नको. पडवी, झोपाळा, विहीर, आगर यांना पैसे घेत नाही. देवघरात आणि चुलीपाशी फोटो नको, एवढंच.

एकाच दिवसात कपडे बदलून तीन-चार दिवसांचे फोटो काढायचे आहेत. एक खोली दिवसापुरती मिळेल?

मिळेल. हे आम्ही दिलेलंही आहे, आणि एक दिवस मी जवळून पाहिलाय तो सांगते.

फेब्रुवारीचा महिना. एक जोडपं सकाळी नऊला आलं, रात्रभर गाडी चालवून. पिशवीत पाच जोड कपडे, प्रत्येकावर चिठ्ठी लावलेली: दिवस पहिला सकाळ, दिवस पहिला संध्याकाळ, दिवस दुसरा. मुलीचा हिशेब चोख होता. केससुद्धा कोणत्या ‘दिवशी’ मोकळे आणि कोणत्या दिवशी वेणी, ते लिहिलेलं. नाश्त्याला घावन आणि नारळाची चटणी होती. त्याचा एक फोटो झाला, कपडे बदलले, मग त्याच घावनाचा दुसऱ्या ताटात दुसरा फोटो. तोवर घावन गार. मी गरम करून आणू का विचारलं तर म्हणाली, “नको मावशी, आता खायला वेळ नाही, ऊन डोक्यावर यायच्या आत समुद्र उरकायचाय.”

दुपारी चारला ती पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. डोळ्यांतलं काजळ घामाने उतरलेलं. चहाचा कप दिला तो हातात तसाच राहिला आणि तिला बसल्या बसल्या झोप लागली. नवरा तिला उठवायला गेला, कारण ‘दिवस तिसरा, मावळती’ राहिली होती. मी त्याला हाताने थांबवलं. कप काढून घेतला, उशी दिली. ती साडेसातला उठली. काळोख झाला होता आणि समुद्राची गाज तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, “किती महिन्यांनी झोपले.” त्या रात्री ती दोघं राहिली. सकाळी उठून नुसते चालत किनाऱ्यावर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. कपड्यांची पिशवी खोलीतच होती.

खोली तुम्हाला देईन. दिवसभराची घेतलीत तरी रात्रीचे पैसे वेगळे लावणार नाही, जमलं तर थांबा.

ऑफिसला ‘गावाला आहे, रेंज नाही’ असं सांगून घरीच आराम केला तर त्यात काय बिघडलं?

आराम करण्यात काहीच बिघडलं नाही. उलट आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना समुद्राहून जास्त झोप हवी असते. मला खटकतं ते एवढंच, की घरी पडून राहायलाही माणसाला गावाचं कारण काढावं लागतं. हक्काची रजा असेल तर अर्जावर ‘वैयक्तिक’ एवढं लिहून पुरतं. वरिष्ठाने खोदून विचारलं तर “घरी आहे, विश्रांती घेतोय” हे सांगायला जड जातं, माहितीये मला. माझा भाऊ एका खासगी कंपनीत आहे. त्याने तीन वर्षं गावाचं कारण सांगितलं, शेवटी एकदा सरळ सांगून बघितलं. साहेब “ठीक आहे” म्हणाले. सगळ्यांचे साहेब तसे नसतात, हेही कबूल.

आणि रेंजचं म्हणाल तर आमच्या वाडीच्या डोंगराकडच्या भागात अजून येत नाही, देवळाच्या पाखाडीवर चार पायऱ्या चढलं की येते. पण ते सबब म्हणून फार दिवस पुरणार नाही.

ऑफिसला घरून काम करतोय असं सांगून तुमच्याकडून केलं तर?

वायफाय आहे, पण पावसात लाइट जाते आणि कधी कधी दिवसभर येत नाही. मीटिंग चालू असताना मागे कोंबडा आरवला म्हणून एका मुलाची धांदल मी पाहिलीय. सांगून या. बऱ्याच कंपन्या आता हो म्हणतात.

न राहता राहिल्याचं बिल मिळेल का? एलटीएसाठी (ऑफिसच्या रजा प्रवास भत्त्यासाठी) हवंय.

नाही. आणि त्याचा उपयोगही नाही. एलटीएची करसवलत प्रवासाच्या भाड्यापुरती असते, राहण्या-जेवणाच्या खर्चाला लागू होत नाही. तीही भारतातल्या प्रवासाला, चार वर्षांच्या गटात दोनदा. खोटी कागदपत्रं जोडून ती घेतलीत तर नोकरीवर बेतू शकतं. आमच्या वहीत न आलेल्या माणसाचं नाव आम्ही लिहीत नाही. ती वही उद्या पोलिसांनी मागितली तर दाखवावी लागते.

गावचं आमचं स्वतःचं घर आहे. त्याचेच फोटो रिसॉर्टसारखे काढून टाकले तर ते खोटं कसं? घर तर आमचंच.

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आमच्या शेजारच्या घरात एक म्हातारी बाई एकटी राहते. मुलगा मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला येतो, चाकरमानी माणूस. चांगला आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो, औषधं पाठवतो. एका मे महिन्यात तो बायको-मुलांना घेऊन तीन दिवस आला. पहिल्याच सकाळी ओटीवरचं सगळं हललं. दोरीवरचे कपडे गेले. कोपऱ्यातली पाट्या-वरवंट्याची जोडी गेली. अंगणात सुपांमध्ये आमसुलं वाळत होती. मेचं ऊन चुकलं तर आमसुलं काळी पडतात, बुरशी धरतात. ती सुपं आत गेली. ओटीवर पांढरी चादर, तिच्यावर शहाळं, टोपी, एक पुस्तक. फोटो खरंच सुंदर आले. खाली ठिकाणाचं नाव दिलं ते कुठल्याशा ‘बीच व्हिला’सारखं, गावाचं नाही.

संध्याकाळी ती काकू गडग्यापाशी आली. मी विचारलं, आमसुलं का काढलीत, ऊन तर कडक होतं. म्हणाली, “त्याला फोटोत नको होती, म्हणून आत घेतली. मग मीही आतच बसले.” आवाजात तक्रार नव्हती. मुलाच्या मित्रांना घर आवडलं याचा तिला आनंदच होता. तिने मला फोनवर ते फोटो दाखवले, बोटाने एकेक सरकवत. “बघ, किती छान दिसतंय ना घर.” दहा-बारा फोटो होते. ती एकाही फोटोत नव्हती.

कोकणातल्या घराघरातून मुंबईला माणूस गेला त्याला दीडशे वर्षं होत आली. आधी गिरण्या आणि गोदी, मग कचेऱ्या. दर वर्षी तो परत यायचा आणि कुठे गेला होतास विचारलं की सांगायचा, ‘गावाला.’ या एका शब्दात आई, घर, देव, आंबा सगळं यायचं आणि समोरच्याला ते कळायचं. आता त्याच माणसाच्या मुलाला ‘गावाला गेलो होतो’ हे कमीपणाचं वाटतं आणि ‘स्टेकेशन’ मोठेपणाचं. माझी विनंती आहे, हात जोडून विनंती: गावचे फोटो टाका, भरपूर टाका, पण त्यात आमसुलं असू द्या. आईला ओटीवर बसू द्या. आणि खाली गावाचं नाव लिहा.

आम्हाला कुठेही जाणं परवडत नाही. मोठ्यांचं एक वेळ ठीक, पण मुलांना शाळेत विचारतात. मुलांसाठी तरी...?

माझ्या पुतणीला चौथीत ‘मी सुट्टी कशी घालवली’ या विषयावर निबंध होता. तिच्या वर्गातल्या एका मुलाने महाबळेश्वरची घोडेस्वारी लिहिली होती. तो कधी गेला नव्हता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि पुढे घोड्याचं नाव विचारलं, तेव्हा तो गप्प झाला. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. ही गोष्ट मी बऱ्याच शिक्षकांना सांगते. आमच्याकडे मे महिन्यात शिक्षक खूप येतात. दोघी-तिघींनी विषय बदलला, ‘सुट्टीतला एक दिवस’ केला. मग कुणी आजीबरोबर कुरडया घातल्या ते लिहितं, कुणी वडिलांच्या टपरीवर बसलो ते लिहितं.

घरी करायचं म्हणाल तर मुलाला खोटं पाठ करायला लावू नका, एवढंच सांगेन. मोठं माणूस खोटं बोलून विसरून जातं. मूल ते सांभाळत बसतं, त्याला उलटतपासणीची भीती असते. ‘या वर्षी नाही जमलं, पैसे नव्हते’ हे वाक्य आईबापांच्या तोंडून सहज आलं तर मुलालाही सहज बोलता येतं. आमच्या लहानपणी ते सगळ्यांच्याच घरी बोललं जायचं.

खरंच सुट्टीवर आलो तर फोटो तिथूनच टाकावेत की घरी गेल्यावर?

घरी गेल्यावर. घर बंद आहे हे गावभर सांगून निघू नये, हे जुनं शहाणपण आहे. उशिरा टाकलेला फोटो खोटा होत नाही, ‘मागच्या आठवड्यात’ असं लिहिलं की झालं.

दुसरं कारण किनाऱ्याचं. फोटो लगेच टाकायच्या नादात माणसं पुळणीवर गाडी घालतात आणि भरती आली की ती रुतते. मग ट्रॅक्टर, दोरखंड आणि वाडीतली दहा माणसं. खडकांवर उभं राहून मागे लाट घेण्याचा नाद तर जिवावरचा आहे. पाठ समुद्राला आणि लक्ष फोनमध्ये असलं की लाट दिसत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नका.

कासवांची पिल्लं बघायला वेळास किंवा आंजर्ल्याला जाणार असाल तर फ्लॅश मारू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यांची दिशा चुकते.

दोनच दिवस आहेत आणि पैसे बेताचे. खरी सुट्टी जमेल का?

जमेल. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. रेल्वेने येणार असाल तर खेडला उतरा, तिथून दापोलीला एसटी मिळते. शनिवार-रविवार आणि 25 ते 31 डिसेंबर टाळा. शाळा सुरू झाल्यावर, म्हणजे जूनच्या मध्यानंतर, दर खाली येतात. गणपती झाले की सप्टेंबरात सड्यांवर फुलं असतात आणि खोल्या रिकाम्या असतात. सोमवार ते गुरुवार आलात तर आम्ही दोघांना एका ताटाच्या हिशेबाने जेवण देतो, ताट भरपूर असतं. मुलांच्या जेवणाचे पैसे घेत नाही. फोनवर “बेताचं आहे” एवढं म्हटलंत तरी पुरे, पुढचं मी विचारणार नाही.

परतीला सकाळी सहाची वस्तीची गाडी सोयीची पडते. ती पकडणार असाल तर आदल्या रात्री जेवताना सांगा, म्हणजे पीठ भिजवून ठेवते आणि पाचला घावन बांधून देते.